तीनात दोन: वादकांच्या मूक व्यक्तिचित्रांच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

कॅमेरा आला. बोलेक्स एच-१६, रिफ्लेक्स. ट्रायपॉडवरून उतरवायला दोन्ही हात लागतात इतका जड. ज्यांचा आहे त्यांनी एकच बजावलं: "चावी देऊन तशीच ठेवू नकोस, स्प्रिंग मरते." बाकी भिंगाबिंगाबद्दल एक शब्द नाही.

नियम आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे पळवाट काढता येणार नाही. एका वादकाला एक रोल, १०० फूट, १६ मिमी, कृष्णधवल. चौकट एकच, चेहऱ्याची. दिवा एकच, एका बाजूने. हातात वाद्य नाही. रोल सुरू झाला की संपेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आवाज घ्यायचा नाही आणि मागाहून चिकटवायचाही नाही.

हे नियम अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलकडून उचललेत. न्यूयॉर्कमध्ये २३१, ईस्ट ४७वा रस्ता या पत्त्यावर त्याचा स्टुडिओ होता, 'फॅक्टरी'. त्याचा सहकारी बिली नेम याने भिंती ॲल्युमिनियमच्या फॉइलने आणि चंदेरी रंगाने मढवलेल्या. तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्चीत बसवायचं, समोर बोलेक्स लावायचा आणि एक रोल संपू द्यायचा. १९६४ ते १९६६ या काळात त्याने अशा ज्या फिल्म केल्या त्यांना 'स्क्रीन टेस्ट' म्हणतात. या फिल्मच्या अभ्यासक कॅली एंजेल यांनी २००६ साली त्यांची सूची छापली: ४७२ फिल्म, १८९ माणसं. नावाला टेस्ट. कुठल्या सिनेमासाठी कुणाची निवड व्हायची होती असं नाही. टेस्ट होती ती तीन मिनिटं स्वतःचा चेहरा सांभाळता येतो का, एवढीच.

त्या १८९ जणांत चित्रकार, कवी, नट, सुंदर मुलंमुली, नुसतेच टपकलेले लोक आहेत. मला हवेत ते वादक-गायक: 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक बँडचे लू रीड, जॉन केल, स्टर्लिंग मॉरिसन, मॉरीन टकर, त्यांच्यासोबत गाणारी निको, शिवाय बॉब डिलन, डोनोव्हन, कॅस इलियट. चित्रकाराला गप्प बसवलं तर त्याचं काही काढून घेतलं जात नाही. वादकाला मूक फिल्ममध्ये बसवणं म्हणजे पोहणाऱ्याला कोरड्या विहिरीत उभं करणं. त्यानंतर चेहऱ्यावर काय उरतं ते बघायचंय.

१४ जानेवारी

हिशेब. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम. १०० फुटांत ४०००. सेकंदाला २४ फ्रेमने चालवलं तर १६७ सेकंद, म्हणजे पावणेतीन मिनिटं आणि वर दोन सेकंद. वॉरहॉल चित्रण २४ ने करायचा आणि दाखवायचा १६ ने, मूकपटाच्या जुन्या वेगाने. मग तोच रोल २५० सेकंद चालतो, चार मिनिटं दहा सेकंद.

स्क्रीन टेस्टची सगळी जादू या दोन आकड्यांच्या फरकात आहे. पापणी मिटते ती जरा जास्त वेळ मिटलेली राहते. धूर पाण्यातून चढावा तसा वर जातो. फरक इतका बेताचा की हा 'स्लो मोशन' आहे हे बघणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाही, माणूसच विचारमग्न वाटतो. माणूस तसा नव्हता, त्याला नुसता कंटाळा आला असेल. विचार आपण घालतो.

अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या '४ मिनिटं ३३ सेकंद' या नावाच्या रचनेची सेकंदं होतात २७३. २९ ऑगस्ट १९५२ रोजी वूडस्टॉकला डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसला आणि त्याने एकही सूर वाजवला नाही. तिथे वादक, वाद्य, श्रोते सगळे हजर, फक्त वाजणं नाही. वॉरहॉलचा रोल त्याहून २३ सेकंदांनी आखूड. योगायोगच, पण वहीत लिहून ठेवावासा वाटला.

तिळगूळ मुलांनी संपवला. रात्री वड्या करायच्या आहेत.

१६ जानेवारी

काल पहिला रोल. तानपुऱ्यावाल्या ताई, मोठ्या गायकांच्या मागे बसून तीस वर्षं तानपुरा छेडलेल्या. आल्या, दिव्याच्या उजेडात खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी कुठे बघू?" मी म्हटलं, भिंगात. "मला समोर बघायची सवय नाही गं. मी नेहमी बुवांच्या पाठीकडे बघते."

बोलेक्सची स्प्रिंग २४ च्या वेगाला पूर्ण चावीवर अर्धा मिनिटसुद्धा चालत नाही. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि भोगणं वेगळं. २८ सेकंद झाले की घर्रर्र थांबतं, मी चावी देते, ताई तोवर पदर सारखा करतात, पाणी पितात, पुन्हा चेहरा जमवतात. सहा वेळा. सहा तुकड्यांत सहा वेगळ्या ताई आल्या असणार, आणि प्रत्येक तुकडा 'फोटो काढतायत' या चेहऱ्याने सुरू झाला असणार. पहिला नियम पहिल्याच दिवशी मोडला. वॉरहॉलचे रोल सलग आहेत, म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याला विजेची मोटर होती. मलाही लागणार.

आज डेव्हलप करायला बसले तर गुरुवार. पाणी बंद. पिंपातल्या पाण्यात हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) धुवायची हिंमत झाली नाही.

१९ जानेवारी

रविवार पूर्ण बघण्यात घालवला. पिट्सबर्गच्या वॉरहॉल म्युझियमने डीन वेअरहॅम आणि ब्रिटा फिलिप्स या जोडीकडून तेरा स्क्रीन टेस्टसाठी गाणी करून घेतली होती आणि २००९ मध्ये त्याची डीव्हीडी निघाली. एकदा गाण्यांसह पाहिली, एकदा आवाज बंद करून.

गाण्यांसह सगळं सोपं जातं. लू रीड काळा चष्मा लावून कोकची बाटली तोंडाला लावतो, खाली गिटार वाजते, आणि झाली जाहिरात. झकास जाहिरात, पण जाहिरातच. आवाज बंद केल्यावर तीच बाटली अवघडल्यासारखी वाटायला लागते. हातात काहीतरी असावं म्हणून घेतलेली. रीडच्या टेस्ट एकापेक्षा जास्त आहेत, त्यांची नावं त्याच्या हातातोंडातल्या वस्तूंवरून पडलीत: कोक, हर्शी चॉकलेट, सफरचंद. गिटार कुठेच नाही. भूमिका काढून घेतली की माणूस खाऊपिऊ लागतो, हे लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या मित्रांकडे बघूनही कळतं.

जेन होल्झर दात घासते. ॲन ब्यूकॅनन पापणी न हलवता बघत राहते आणि डोळ्यातून पाणी ओघळतं. सुरुवातीच्या टेस्टमध्ये 'हलायचं नाही, शक्यतो पापणीही नाही' असा दंडक असायचा, त्याचं ते टोक. लोक त्याला अश्रू म्हणतात. मी आरशासमोर मोबाइलचं घड्याळ लावून करून पाहिलं. माझेही डोळे भरले, दुःख काहीही नव्हतं.

रोल संपताना चित्र पांढरं होत जातं. फिल्मच्या टोकाला उजेड लागतो त्याचा हा परिणाम. दुसरा कुणीही तो भाग कापून टाकला असता, वॉरहॉलने ठेवला. चेहरा उजेडात विरघळतो आणि काम संपतं. मीही ठेवणार.

२४ जानेवारी

मोटरची गोष्ट. बोलेक्सच्या कुशीत एक छोटा दांडा असतो, दर आठ फ्रेमला एक फेरी घेणारा. २४ च्या वेगाला सेकंदाला तीन फेऱ्या, मिनिटाला १८०. म्हणजे १८० आरपीएमची मोटर त्या दांड्याला जोडली की काम झालं. तापकीर गल्लीत तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानदाराने २०० आरपीएमची १२ व्होल्टची गियरवाली मोटर आणि स्पीड कंट्रोलर काढून दिला आणि विचारलं, "चिकन तंदूरला लावायचीय का?"

कपलिंग लेथवाल्याकडून पितळेचं करून घेतलं. जोडण्याआधी स्प्रिंगची चावी पूर्ण उतरवायची आणि बाजूची खिटी शून्यावर करायची, नाहीतर मोटर आणि स्प्रिंग एकमेकींशी भांडतात. कपलिंगला पांढरी पट्टी चिकटवून मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये फेऱ्या मोजल्या: एका फेरीला ८० फ्रेम आल्या पाहिजेत. कंट्रोलरची घुंडी फिरवत फिरवत ८० वर आणली. वीज जुन्या यूपीएसमधल्या बॅटरीची.

आवाज भयंकर आहे, शिवणयंत्रासारखा. फिल्म मूक आहे त्यामुळे चिंता नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि मग जरा थांबले. बघणाऱ्याला शांतता मिळते. बसणाऱ्याला नाही. फॅक्टरीतही तसंच: बिली नेमच्या ऑपेरा गायिका मारिया कॅलासच्या तबकड्या लागलेल्या, लोकांची ये-जा, कुठेतरी फोन, समोर मोटर. त्या ४७२ मूक फिल्म गोंगाटात तयार झालेल्या आहेत. निको अशी बघते ना, जणू जगात कुणी नाही! खोलीभर माणसं असतील.

२६ जानेवारी

तबल्यावाले काका. वय ७१. झेंडावंदन आटोपून सरळ इकडे, खिशाला तिरंग्याची टाचणी तशीच.

"तबला आणू नको म्हणालीस, मग मी करू काय?"

"काही नाही करायचं. बसायचं."

"पावणेतीन मिनिटं? अगं, साथीला बसलं की आलापात अर्धा अर्धा तास नुसताच बसतो की मी. हे तर विड्याएवढं काम."

मग मी वॉरहॉलचं सांगितलं. काका ऐकून घेतात, हा त्यांचा गुण. शेवटी म्हणाले, "मूकपटाच्या वेळी पडद्याशेजारी अंधारात पेटी-तबलावाले बसायचे. वाजायचं, पण दिसायचं नाही. तू आम्हाला पडद्यावर घेतेस आणि आवाज काढून घेतेस. कुठून तरी काहीतरी कापायचंच, असं ठरलंय का तुम्हा लोकांचं?"

उत्तर नव्हतं. दिवा लावला, मोटर सुरू केली.

काका पुतळ्यासारखे बसले. हात चौकटीत येत नव्हते, मांडीवर होते. चौथ्या-पाचव्या सेकंदाला मला वाटलं की ते काहीतरी करतायत, पण काय ते कळेना. रोल संपल्यावर फिल्मचं टोक आत फटफटायला लागलं तेव्हा म्हणाले, "झपताल धरला होता मनात. मात्रेला सेकंद. तुझी मोटर लय धरत नाही बरं का. बसत चाललीय."

मी म्हटलं, मोजून बसवलीय. ते म्हणाले, "असेल."

चहा. मानधनाचं पाकीट दिलं तर घेतलं नाही, फिल्मची प्रत मागितली. डिलन फॅक्टरीत टेस्टला आला तेव्हा जाताना एल्व्हिसचं मोठं चंदेरी चित्र घेऊन गेला आणि पुढे ते एका सोफ्याच्या बदल्यात देऊन टाकलं, हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, "सोफा कसा होता?"

२८ जानेवारी

डेव्हलपिंग. उसनी मिळालेली रशियन टाकी आहे, आत दोन चक्र्या, प्रत्येकीत १५ मीटर. रोल ३० मीटरचा. म्हणजे अंधारात फिल्म मधोमध कापल्याशिवाय गत्यंतर नाही. अख्खी गंमत 'कट नाही' या एका अटीवर उभी, आणि मी काळोख्या न्हाणीघरात कात्री घेऊन उभी. कुठल्या क्षणावर कात्री चालतेय ते दिसत नाही. नंतर टेपने जोडायचं, एकदोन फ्रेम जाणार.

डी-७६ डेव्हलपर, मग हायपो, मग तासभर धुणं. पुण्याच्या जानेवारीत नळाचं पाणी आपोआप वीस-एकवीस अंशांवर असतं हा मोठाच दिलासा, एप्रिलमध्ये बर्फ घालत बसावं लागलं असतं.

ताईंचे सहा तुकडे आधी पाहिले. भाकीत खरं निघालं, फक्त एका ठिकाणी सोडून. चौथ्या तुकड्यात त्यांची नजर भिंगावरून सुटून किंचित खाली आणि डावीकडे जाते आणि तिथेच ठरते. बुवांची पाठ जिथे असते तिथे. तेवढे काही सेकंद खरे आहेत.

२ फेब्रुवारी

सनईवाले दादा. दोन लग्नांच्या मधल्या वेळात आले, फेटा तसाच, तासाभरात पुढचं कार्यालय गाठायचं होतं. सनई गाडीत ठेवायला सांगितली, पण सनईच्या तोंडाला लावायच्या पत्तीची डबी खिशात राहिली. बसल्या बसल्या सवयीने पत्ती काढून ओठांत धरली, ओली करायला. मी काढायला लावणार होते. मग लू रीडचं सफरचंद आठवलं आणि गप्प बसले. नियम वाद्याचा आहे, पत्तीचा नाही, अशी पळवाट काढली. शेवटी काढलीच.

रोल मस्त. दुसऱ्या मिनिटात गाल हळूच भरतात आणि रिकामे होत नाहीत, श्वास मात्र नाकाने चाललेला आहे. फुंक न मोडता श्वास घ्यायची सवय पत्ती पाहून आपोआप जागी झाली. दादांना याचा पत्ताही नव्हता.

६ फेब्रुवारी

गुरुवार, पाणी नाही, म्हणून वाचन आणि टिपणं.

मूक चेहरा आणि कानठळ्या बसवणारं वाद्य हे दोन्ही एकाच वेळी कुणी केलं असेल, तर वॉरहॉलनेच. एप्रिल १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवरच्या 'डोम' नावाच्या सभागृहात 'एक्स्प्लोडिंग प्लॅस्टिक इनएव्हिटेबल'चे खेळ झाले. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड वाजवतायत, निको गातेय, रंगीत दिवे, आणि त्यांच्या अंगावर आणि मागे त्यांच्याच मूक फिल्म पडतायत. त्यासाठी खास घेतलेल्या टेस्टमध्ये केल आणि रीड यांचे नुसते ओठ, नुसता डोळा असे तुकडे आहेत. वाजवणाऱ्याच्या डोक्यावर त्याचाच हातभर ओठ, आणि तो ओठ गात नाहीये. रवींद्रनाथांचा फोटो लावून रवींद्रसंगीत गातात तसं नव्हे. इथे फोटोतला माणूस खाली घाम गाळतोय.

केलचा धागा आपल्याकडेही येतो. तो वेल्सचा, व्हायोलावाला. बँडच्या आधी तो संगीतकार ला माँट यंगच्या 'थिएटर ऑफ इटर्नल म्युझिक'मध्ये होता. एक स्वर तासन्‌तास धरून ठेवणं हे त्या मंडळींचं काम. व्हायोलाचा पूल कापून सपाट केला, म्हणजे गज अनेक तारांवर एकदम फिरेल, आणि तारा इलेक्ट्रिक गिटारच्या चढवल्या. यंगला तरुणपणी अली अकबर खाँसाहेबांच्या १९५५ च्या रेकॉर्डवर तानपुरा ऐकू आला आणि तो त्याच्या डोक्यात बसला. पुढे १९७० मध्ये यंग आणि त्याची पत्नी मारियन झझीला किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शागीर्द झाले. १९६४ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात लिंकन सेंटरच्या दालनात वॉरहॉलच्या 'स्लीप', 'ईट', 'किस', 'हेअरकट' यांचे तुकडे छोट्या यंत्रांवर फिरवत ठेवले होते, तेव्हा त्यांना आवाज दिला होता यंगनेच. या मूक फिल्मना सोबती मिळाला तो असा सलग घोष.

म्हणजे तानपुऱ्याची नक्कल झाली, तानपुऱ्यावालीची नाही. हे ताईंना सांगायला हवं. त्या म्हणतील, "बरं."

त्याच टोळीतला टोनी कॉनरॅड, व्हायोलिनवाला. १९६६ ची त्याची 'द फ्लिकर' म्हणजे जवळजवळ निव्वळ काळ्या आणि पांढऱ्या फ्रेमचा अर्धा तास. सेकंदाला किती वेळा पांढरं आणि किती वेळा काळं, याची गुणोत्तरं तो स्वरांच्या गुणोत्तरांसारखी मांडत होता. फ्रेम म्हणजे मात्रा हे त्याला वादक असल्यामुळेच सुचलं असणार. मला अजून सुचायचं होतं.

९ फेब्रुवारी

काकांचा रोल स्कॅन केला. गेटमागे एलईडी, पुढे मॅक्रो लेन्स, एका फ्रेमचा एक फोटो. फ्रेम मोजल्याशिवाय गत्यंतर नसतं अशी ही पद्धत, आणि त्यामुळेच सापडलं.

काका दर ठराविक अंतराने पापणी मिटतात आणि हनुवटी केसभर खाली येते. नुसत्या डोळ्यांना जाणवतही नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतेय. पहिल्या दोन समांत अंतर २४१ फ्रेम. मग २४०. मग २३८. झपतालाच्या दहा मात्रा, मात्रेला सेकंद, २४ च्या वेगाला २४० फ्रेम: चोख. पण पुढे आकडे घसरतात. मधे, कापलेल्या फिल्मच्या जोडाच्या आसपास, २३२. शेवटच्या आवर्तनाला २२१.

खुर्चीवरून उठले आणि परत बसले. मूक फिल्ममध्ये ताल आहे. पेन्सिलने लिहून काढता येतो इतका आहे.

अर्थ मात्र दोन निघतात. एक: बॅटरी उतरत गेली, मोटर मंदावली, तेवढ्याच दहा सेकंदांत कमी फ्रेम पडल्या. दोन: मोटर ठीक होती, काकांची लय चढली. लय चढते, माणसाची चढतेच. आणि चढलेल्या लयीत एका आवर्तनाला कमी फ्रेम लागतात. फिल्मवर दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं.

१२ फेब्रुवारी

काका बघायला आले. १६ च्या वेगाने दाखवलं. पहिला मिनिटभर काही बोलले नाहीत. मग बोटं गुडघ्यावर हलायला लागली आणि लगेच थांबली.

"हे माझ्या लयीत नाही."

संथ केलंय म्हटलं. २४ चं १६.

"म्हणजे तीनात दोन. आडीचं, म्हणजे दीडपट लयीचं, उलटं." आणि मग मांडीवर दोन्ही हातांनी दाखवलं, उजव्याने आपली मूळ लय, डाव्याने पडद्यावरची. तीन मात्रांच्या जागेत दोन. मी महिनाभर 'स्वप्नाळू वेग', 'तरंगता काळ' अशा शब्दांत स्क्रीन टेस्टबद्दल लिहीत होते. काकांनी त्याला नाव आणि हिशेब दिला. म्हणून ती संथता झोपाळू वाटत नाही. मूळ लय मोडलेली नाही, तिच्याशी तीनास दोन असं पक्कं नातं ठेवून ती चालते. १८ ने दाखवली असती तर चारास तीन, म्हणजे पाऊणपट. तोही हिशेब सुटतो, पण काकांच्या मते त्यात 'मजा कमी'.

मग आकडे दाखवले. माझी चूक अशी झाली की मी दुसरा अर्थही बोलून दाखवला.

"माझी लय चढली?"

"असं नाही म्हणत मी. फिल्मवरून कळत नाही."

"मी तिथल्या तिथे सांगितलं होतं, तुझी मोटर बसत चाललीय म्हणून. शंभर फूट फिल्मपेक्षा पन्नास वर्षं जुना आहे माझा हात." चष्मा पुसला. "पुन्हा घे. मोटर नीट कर आणि पुन्हा घे."

१५ फेब्रुवारी

पेटीवाल्या मावशी, भजनी मंडळाच्या. येताना मैत्रीण घेऊन आल्या, आणि खुर्चीत बसल्यावर मैत्रिणीकडे बघून हसायला लागल्या. "फोटो काढायचा तर हसू दे की गं. तोंड पाडून काय बसायचं, कुणी गेलंय का?" मी नियम सांगितला. पूर्ण रोल हसू दाबण्यात गेला. पडद्यावर २५० सेकंद हसू दाबणारी बाई. वॉरहॉलच्या टेस्टमध्ये असं कुणी दाबलेलं हसू माझ्या पाहण्यात नाही, तिथल्या माणसांना आपण थंड दिसावं याची हौस दांडगी. आतापर्यंतचा सगळ्यात जिवंत रोल.

मैत्रिणीचाही घ्यायला हवा होता. रोल एकच उरलाय आणि तो काकांचा.

ब्रसेल्समध्ये राहणाऱ्या मानॉन द बोअर यांची २००८ ची एक फिल्म आज पुन्हा आठवली. पियानोवादक झाँ-ल्यूक फाफशां केजचं तेच ४ मिनिटं ३३ सेकंद दोनदा 'वाजवतो'. पहिल्यांदा कॅमेरा त्याच्यावर स्थिर आणि खोलीतले बारीकसारीक आवाज सगळे ऐकू येतात. दुसऱ्यांदा आवाज कापलेला, फक्त भाग संपल्याची टकटक, आणि कॅमेरा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत जातो. आवाज असताना वादक, आवाज नसताना श्रोते. मावशींच्या रोलमध्ये श्रोता माझ्या खांद्यामागे उभा होता आणि मी त्याला चौकटीबाहेर ठेवलं. पुढच्या वेळी.

१६ फेब्रुवारी

बॅटरी बाद. भिंतीतल्या विजेवर चालणारा १२ व्होल्टचा रेग्युलेटेड ॲडॅप्टर आणला, मोटर अर्धा तास मोकळी फिरवून फेऱ्या मोजल्या: सुरुवातीला ८०, शेवटीही ८०. कॅमेऱ्यात जुनी वाया गेलेली फिल्म घालूनही मोजलं, ओझ्याखाली वेग पडतो का बघायला. पडला नाही.

काका आले ते इस्त्रीचा झब्बा घालून. या वेळी चहा आधी नको म्हणाले. खुर्चीत बसल्यावर डोळे मिटून थोडा वेळ मोटर ऐकली, नुसतीच. "हं. आता बसलीय." मग डोळे उघडून मान हलवली, मी बटण दाबलं. म्हणजे 'ॲक्शन' त्यांनी दिली.

२० फेब्रुवारी

गुरुवार. या वेळी आदल्या रात्रीच बादल्या भरून ठेवल्या होत्या. डेव्हलप झालं. जोड नेमकी पापणी मिटलेल्या फ्रेमवर आलीय, डोळा उघडताना एक बारीक उडी दिसते. असू दे.

२३ फेब्रुवारी

मोजलं. २४०, २४०, २४१, २४०, जोडापर्यंत असंच. जोडाच्या आवर्तनात २३८, तिथे दोन फ्रेम माझ्या कात्रीने खाल्ल्यात. पुढेही २४०, २४०, २३९, २४० असंच. काकांनी दाखवून दिलं. रोल दोनमध्ये घसरली ती मोटरच. काकांना घड्याळ मानलं तर शेवटी तिचा वेग २२ वर आला होता. त्या रोलच्या स्कॅनचा वेग आता त्यांच्या समांवरून दुरुस्त करता येईल.

फक्त शेवटचं पूर्ण आवर्तन २३६. चार फ्रेम कमी. सेकंदाचा सहावा हिस्सा. तीनदा मोजलं.

फोन केला. सांगू की नको असं झालं होतं, पण सांगितलं. काका पलीकडे जरा थांबले आणि मग मोठ्याने हसले.

"अगं, फिल्मचा आवाज बदलला ना शेवटी. पातळ झाला. म्हटलं, संपतंय. मग तिहाई नको का घ्यायला?"

तिहाई म्हणजे शेवट करताना तोच तुकडा तीनदा. शेवटच्या फ्रेम पुन्हा लावल्या. चित्र पांढरं व्हायला लागतं, कपाळ गेलं, भुवया गेल्या, आणि त्या उजेडात हनुवटी खाली येते. एकदा. दुसऱ्यांदा. तिसरी येण्याआधी फिल्म संपते.